सोसायटीतल्या ख्रिसमस ट्रीचं गाव कुठलं? ओळखायचं कसं, घ्यायचं काय आणि आपल्या सह्याद्रीतलं काय जपायचं

डिसेंबर लागला की घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये कुंडीतली ख्रिसमस ट्री पुढच्या रांगेत येऊन बसतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर तेच तेच प्रश्न सुरू, कुठलं घेऊ, हे खरं पाइन आहे का, बाल्कनीत जगेल का, पाणी किती. म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकू. पण नुसतं पाणी-उन्हाचं लिहून भागणार नाही, कारण या घराण्यातल्या झाडांची गंमत अशी की कुंडीत आणि रस्त्याच्या कडेला ती लाखोंनी दिसतात आणि स्वतःच्या मूळ गावी मात्र मोजकी उरलेली असतात. म्हणून माझा साधा नियम आहे, झाड आवडलं की भाव विचारायच्या आधी त्याचं गाव विचारायचं. ते कळलं की ते ठाण्याच्या दमट हवेत टिकेल का, ते विकत घेणं बरोबर आहे का, हे निम्मं आपोआप सुटतं.

आधी घराणं थोडक्यात. ही झाडं फुलं धरत नाहीत, फळं धरत नाहीत, बी उघड्यावर, बहुतेक वेळा शंकूच्या खवल्यावर बसलेलं असतं, शाळेत आपण अनावृतबीजी म्हणून पाठ केलेलं तेच हे. यात सगळ्यात मोठा गट सूचिपर्णींचा म्हणजे पाइन, देवदार वगैरे, सहाशेच्या वर जाती. दुसरा सायकॅडचा, म्हणजे बागेतल्या सागो पामच्या भाऊबंदांचा, साडेतीनशेच्या आसपास. तिसऱ्यात पंख्यासारख्या पानांचा, चीनमधला गिंको एकटा. चौथ्यात नीटम, एफेड्रा आणि नामिब वाळवंटातली ती विचित्र वेल्विचिया. सगळे धरून हजार-अकराशे जाती, आणि समोर फुलझाडांच्या जाती तीन लाखांच्या घरात. एकेकाळी मात्र यांचंच राज्य होतं, चंद्रपूरकडचा वर्धा खोऱ्यातला कोळसा ज्या ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांपासून झाला तीसुद्धा उघड्या बियांचीच झाडं होती. पुढे फुलझाडं आली आणि उष्ण सखल भागातून यांना हटवत हटवत थंडी, बर्फ, खडक, नापीक माती अशा ठिकाणी ढकलून दिलं. त्यामुळे आज सूचिपर्णींची मोठी जंगलं बघायची तर एकतर हिमालयात जा नाहीतर सैबेरिया-कॅनडाला. महाराष्ट्राच्या रानात स्वतःहून उगवलेलं एकही सूचिपर्णी झाड नाही. दक्षिण भारतातसुद्धा मूळचं असं एकच आहे, नागेया वॉलिचियाना, ते निलगिरी, अनमलाई, अगस्त्यमलैच्या सदाहरित जंगलात, आणि त्याची पानं इतकी रुंद की बघून कुणी पाइनचं भाऊबंद म्हणणार नाही. उटी-कोडाईला ज्या पाइनच्या रांगांमध्ये सगळे फोटो काढतात ती लागवड आहे, बाहेरून आणून लावलेली, आणि त्यातल्या काही जातींनी तिथली मूळची गवताळ माळरानं गिळलीयत.

आता खाली कंपाउंडमध्ये उतरा आणि ओळखायला लागा.

सर्वात आधी तो उंच, सरळसोट, मजल्यामजल्याने फांद्या असलेला ख्रिसमस ट्री. नर्सरीत त्याला नॉरफोक पाइन म्हणतील, अरौकेरिया म्हणतील, पण पाइन तो नाहीच, आणि बहुतेकदा नॉरफोकचाही नाही. उष्ण भागात नॉरफोक म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं निघतं कुक पाइन, अरौकेरिया कॉलम्नॅरिस, याचं गाव ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेलं न्यू कॅलेडोनिया बेट. कॅप्टन कुकने 1774 मध्ये ही झाडं तिथे पाहिली म्हणून ते नाव. लहानपणी दोघं सारखेच दिसतात त्यामुळे कुंडीत भांडत बसू नका. मोठं झाल्यावर बघा, नॉरफोकचं झाड खाली रुंद वर निमुळतं असं पसरतं आणि कुक पाइन अरुंद खांबासारखं वर जातं, खालच्या फांद्या गळतात आणि त्यांच्या जागी खोडातूनच आखूड नव्या फांद्या फुटतात. खाली पडलेली डहाळी उचलून बोटांत फिरवा, मोठ्या झाडाची पानं सुईसारखी नसतात, छोटे छोटे खवले एकावर एक बसून पिळलेली दोरी असावी तशी लागते.

आणि सगळ्यात मजेशीर खूण म्हणजे कुक पाइन वाकतं. कुठेही नाही वाकत, विषुववृत्ताकडे वाकतं. 2017 मध्ये संशोधकांनी पाच खंडांवरची अडीचशेच्या वर झाडं मोजली, उत्तर गोलार्धातली दक्षिणेकडे कललेली, दक्षिण गोलार्धातली उत्तरेकडे, सरासरी साडेआठ अंश. आपण एकोणीस अंश उत्तरेला, म्हणजे आपल्याकडची दक्षिणेला कलायला हवीत. करून बघा, फोनमधला कंपास उघडा, झाडापासून लांब मोकळ्यात उभे राहा, एकदा पूर्वेकडून आणि एकदा उत्तरेकडून बघा आणि कल कुठे जातो ते लिहा. दोन टॉवरच्या फटीत उभं असलेलं झाड उजेडाच्या मागे लागून भलतीकडेही जाऊ शकतं, म्हणून मोकळ्या जागेतलं निवडा. सुट्टीत मुलांना द्यायला याच्याहून बरा प्रोजेक्ट नाही.

दुसरं मोरपंखी. आपण लहानपणी पुस्तकात विद्या म्हणून ठेवायचो ते. चपटी, उभी, पंख्यासारखी डहाळी, आणि त्यावर निळसर हिरवे, टोकाला आकड्यासारखी शिंगं असलेले बोराएवढे शंकू. गाव चीन, कोरियाकडचं. नर्सरीवाला थुजा म्हणेल, शास्त्रात आता प्लॅटिक्लॅडस म्हणतात. एवढं पुरे, याच्यावर फार लिहिण्यासारखं नाही, आतून थोडं तपकिरी होणं नॉर्मल असतं आणि पूर्ण तपकिरी झालं तर ते गेलं, पुन्हा फुटत नाही.

तिसरा सागो पाम. वाशी-नेरूळच्या बंगल्यांपुढे, बँकांच्या दारात, लॉबीत, सगळीकडे. हा पामही नाही आणि आपला साबुदाणाही याचा नाही, तो टॅपिओकाच्या कंदाचा. हा सायकस रेव्होल्युटा, गाव दक्षिण जपान आणि र्यूक्यू बेटं. पानाचं टोक टोचतं आणि प्रत्येक पातीच्या कडा खाली वळलेल्या असतात. पामपासून वेगळा ओळखायचा तर नवी पानं येताना बघा, पामचं पान एकेक करून भाल्यासारखं वर येतं, सायकसची पानं सगळी एकदमच निघतात, कोवळी, लवदार, आणि प्रत्येक पाती नेच्याच्या कोंबासारखी आत गुंडाळलेली. दुसरं म्हणजे पातीला मधली एकच शीर असते, बाजूच्या शिरा नसतात. नर झाडाला मध्यभागी उभा लांब शंकू येतो, मादीला पिवळट मखमली पिसांचा गड्डा आणि त्यात शेंदरी बिया.

आणि आता ज्याच्यावरून सगळे फसतात ते सुरू. अलिबाग, केळवे, दिवेआगर, कुठल्याही बीचवर गेलं की लोक म्हणतात बघ पाइनची झाडं. सुरू हे फुलझाड आहे. सुईसारखी दिसते ती पान नसून हिरवी सांधेदार काडी असते, ती सांध्यावर ओढली की टक्कन सुटते आणि सांध्याशी बारीक दातेरी खवल्यांचं कडं दिसतं, तीच त्याची पानं. खाली पडलेलं काटेरी बोंड शंकूसारखं दिसतं पण शंकू नाही. फोटो टाकताना एवढं बघा, बाकी चुकलं तरी चालेल.

ओळख पटली की गाव शोधायचं. शास्त्रीय नाव हातात असेल तर आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या रेड लिस्टच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या यादीच्या साइटवर टाका, मूळ प्रदेशाचा नकाशाच येतो आणि बरोबर दोन अक्षरांचा शेरा येतो, एलसी म्हणजे सध्या चिंता नाही, एनटी म्हणजे उंबरठ्यावर, मग व्हीयू, ईएन, सीआर अशी चढती काळजी, आणि ईडब्ल्यू म्हणजे रानातून संपलं, फक्त बागांमध्ये उरलं. नर्सरीतल्या नावावर जाऊ नका, आधी ॲपवर फोटो टाकून जातीची खात्री करा. आयनॅचरलिस्ट हे झाडं-प्राणी ओळखून नोंदवायचं ॲप वापरत असाल तर लावलेल्या झाडाला लावलेलं अशी खूण करा, नाहीतर उद्या कुणीतरी कोपरीत अरौकेरियाचं रान आहे असं समजेल.

हे चाळत बसलात की मी वर म्हटलं ते दिसायला लागतं. नॉरफोकचा अरौकेरिया जगभरच्या मॉलमध्ये आहे, पण रानटी म्हणाल तर नॉरफोक बेटावरच, आणि शेरा व्हीयू. गिंको टोकियोच्या रस्त्यांवर रांगेने, आणि चीनच्या डोंगरात रानटी म्हणावी अशी झाडं इतकी कमी की शेरा ईएन. ऑस्ट्रेलियातला वॉलेमी पाइन तर 1994 पर्यंत कुणाला माहीतच नव्हता, सिडनीजवळच्या एका घळीत वनखात्याच्या माणसाला सापडला, मोठी झाडं शंभराच्या आत. तिथे त्यांनी काय केलं तर रोपं तयार करून उघडपणे विकायला काढली, म्हणजे चोरून घळीत जायची कुणाला गरजच उरली नाही. 2019-20 च्या वणव्यात त्या घळीत अग्निशमनवाले हेलिकॉप्टरने उतरवून झाडं वाचवली. आणि एन्सेफॅलार्टोस वूडाय नावाच्या सायकॅडची कथा अशी की 1895 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या न्गोये जंगलात त्याचं एकच झाड सापडलं, तेही नर. मादी आजवर कुणाला मिळालेली नाही. जगभरच्या बागांत जी आहेत ती सगळी त्याच एकाच्या, बुंध्यातून फुटलेल्या पिलांची.

सूचिपर्णीतल्या साधारण एक तृतीयांश जाती धोक्यात आहेत. सायकॅडच्या निम्म्याहून जास्त. झाडांमध्ये एवढा बेकार हाल दुसऱ्या कुठल्या मोठ्या गटाचा नाही, आणि कारण सरळ आहे, वाढ भयंकर हळू, सायकॅडमध्ये नर-मादी वेगळे, आणि दिसायला राजबिंडं त्यामुळे उपटून विकायला बरं.

आता मुद्द्यावर येतो, आपल्याकडचं काय.

आपल्या सह्याद्रीचा स्वतःचा सायकॅड आहे, मलबारी सुपारी, सायकस सिर्सिनॅलिस. जगात फक्त पश्चिम घाटात, केरळ, कर्नाटक, तामिळनाडू आणि वर येता येता महाराष्ट्राच्या दक्षिण टोकापर्यंत. शेरा ईएन. दारात जपानचा सायकस आणि आपलाच घाटातला सायकस संपत चाललाय, यातलं फारसं कुणाला ठाऊक नसतं. दिसायला हा जपानीपेक्षा मऊ आणि मोठा, पान दोन मीटरच्याही वर जातं, पाती सपाट, कडा वळलेल्या नाहीत, टोचत नाही, आणि खोड नारळासारखं उंच वाढतं. मादी झाडाला बिया लोंबतात, पिकल्या की केशरी. केरळात मलबारकडे याला ईंथ म्हणतात, बिया वाळवून, धुऊन विष काढून पीठ करतात आणि त्याचा पिडी नावाचा पदार्थ होतो, म्हणजे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेलं झाड आहे हे. तेवढ्याने ते संपलं नसतं. संपतंय ते जंगल तुटल्याने, सजावटीसाठी पानं ओरबाडल्याने, औषधाला म्हणून नर शंकू कापून नेल्याने, आणि खोडातला गाभा काढण्यासाठी अख्खं झाड पाडल्याने. नर शंकू सगळे गेले की मादीला बी धरणार कुठून.

याचा आंध्रातला भाऊ सायकस बेडोमी, तिरुपतीच्या आसपासच्या डोंगरात. तो वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या यादीत आहे आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटीस करारात सगळ्यात कडक म्हणजे पहिल्या परिशिष्टात. बाकीचे सगळे सायकस दुसऱ्या परिशिष्टात, म्हणजे देशाबाहेर न्यायचं-आणायचं तर कागद लागतातच. परदेशातून ऑनलाइन सायकॅडची रोपं मागवणारे हौशी आहेत आपल्याकडे, त्यांनी हे वाचावं.

तर नर्सरीत मलबारी सुपारी दिसली तर घ्यायची का? घ्यायची, पण बघून. बियांपासून केलेलं रोप असेल तर बुंधा कांद्याएवढा, पानं मोजकी, आणि लहान असेल तर माती बाजूला केली की जुनं बी अजून चिकटलेलं सापडतं. याउलट हातभर किंवा कमरेएवढं खोड, पानं सगळी छाटलेली, मुळं कुऱ्हाडीने तोडल्यासारखी, खोडावर दगडफूल किंवा वणव्याचे काळे डाग, आणि वर भाव बरा वाटावा इतका कमी, तर ते रानातून उपटलेलं आहे असं समजा. एवढं खोड व्हायला कित्येक दशकं जातात, कुणी नर्सरीवाला तेवढी वर्षं पाणी घालून स्वस्तात देत नाही. विचारा सरळ, रोप कुठून आणलं, बी कुणाचं. उत्तर टाळलं तर पुढे चला. राखीव जंगलातून झाड उपटणं हा गुन्हाच आहे आणि गिऱ्हाईक मिळतं म्हणून उपटलं जातं.

ट्रेकला गेल्यावर रानात दिसली तर फोटो घ्या, पान, खोड, शंकू असेल तर शंकू, आणि ॲपवर टाका. धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण आयनॅचरलिस्ट आपोआप धूसर करतं, पण व्हॉट्सॲपवर लोकेशन पाठवलंत तर ते कुणी धूसर करत नाही. बी खिशात घालू नका.

दुसरी आपली म्हणजे उंबळी, नीटम उला. ही वेल आहे, लाकडी, जाड, मोठ्या झाडांवर चढणारी, पानं समोरासमोर, रुंद, जाळीदार शिरांची, आंब्याच्या जवळपास जाणारी. कुणालाही सांगा की ही पाइन-देवदारच्या घराण्यातली आहे, विश्वास ठेवणार नाही. सांध्यावर फुगीर असते आणि शंकू म्हणजे काडीवर कडी ओवल्यासारख्या रिंगा, त्यात पिकल्यावर बोरासारख्या लालसर बिया. सह्याद्रीच्या सदाहरित, निमसदाहरित जंगलात मिळते, वर दाट छप्पर आणि खाली ओल असेल तिथे. येऊरच्या पानझडी रानात शोधत बसू नका. हिला वाचवायचं म्हणजे जंगलाचं छप्पर वाचवायचं, कुंडीबिंडीत हिचं काही होत नाही.

सजावटीचं एक सांगायचं राहिलं. लग्नाचा मांडव, गणपतीचं मखर, यात हिरवळ म्हणून सायकसची लांब पानं आणि मोरपंखी सर्रास लावतात. डेकोरेटरला विचारा की पानं लागवडीतली आहेत ना. आखूड, ताठ, टोचणारी असतील तर जपानी, ती बागेतलीच असणार, चालेल. खूप लांब, मऊ, सपाट पानांच्या मोळ्या आल्या तर जरा खोलात जाऊन विचारा. आणि ज्यांच्या दारात सायकस आहे त्यांनी शेजाऱ्याला मखरासाठी पानं तोडू द्यावीत की नाही हा त्यांचा प्रश्न, पण सगळी एकदम तोडू नका, नवी येईपर्यंत झाड उपाशी राहतं.

आता लावलेलं झाड जगवायचं कसं ते.

आपल्याकडे यांचा शत्रू ऊन नाही, जुलै आहे. कुंडीत पाणी तुंबलं की सायकसचा बुंधा आतून सडतो आणि बाहेरून कळतं तेव्हा पानं ओढली की हातात येतात. माती निम्मी भरड, वाळू किंवा विटांचे तुकडे घाला, भोक मोकळं ठेवा, पावसाळ्यात कुंडी विटांवर उचलून ठेवा आणि सायकसच्या मध्यावर पाणी ओतू नका. नवी पानं फुटत असताना कुंडी फिरवायची नाही, हलवायची नाही, त्या काही आठवड्यांत ती कोवळी असतात आणि उजेडाकडे वळून कडक होतात, मग ती वाकडी पानं पुढे कितीतरी दिवस तशीच. बुंध्याला पिलं आली तर पाऊस येण्याआधी धारदार सुरीने काढा, पानं कापा, जखम सावलीत चारपाच दिवस सुकवा, मग वाळू-कोकोपीटमध्ये. मुळं धरायला महिने जातात, उकरून बघू नका.

पानाच्या खालून पांढरी भुकटी दिसली तर खवले कीड. हलक्यात घेऊ नका. थायलंडकडची सायकसची खवले कीड 2003 मध्ये ग्वाम बेटावर पोचली आणि तिथल्या रानटी सायकसची बहुतेक झाडं तिने पुढच्या काही वर्षांत मारली. किडकं पान कापून पिशवीत बांधून टाका, कचऱ्याच्या ढिगावर उघडं नको, बाकीच्या पानांची खालची बाजू साबणाच्या पाण्याने पुसा, मग कडुनिंबाचं तेल, आणि आठवड्याने परत. नवीन आणलेलं रोप पहिले काही आठवडे बाकीच्यांपासून लांब ठेवा.

घरात कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर सायकस ठेवूच नका. सगळा भाग विषारी, बी सगळ्यात जास्त, आणि तो शेंदरी रंग बघून मुलं उचलतातच. कुत्र्याने खाल्लं तर उलट्या आणि मग लिव्हर, थांबून बघू काय होतंय असं करायचं नाही, बी बरोबर घेऊन लगेच डॉक्टरकडे. नर्सरीत हे कुणी सांगत नाही म्हणून मी ठळक सांगतोय.

अरौकेरियाचं वेगळं. त्याचा शेंडा कापायचा नाही, कधीच. उंच झालं म्हणून वरून छाटलं की झाडाची ती मजल्यांची रचनाच गेली, बाजूच्या फांद्या त्याची जागा घेत नाहीत. आणि बाजूच्या फांदीची कलम लावली तर ती जगते पण वर वाढत नाही, आडवीच वाढत जाते, वर्षानुवर्षं, फांदी विसरत नाही आपण फांदी आहोत ते. म्हणून घेताना बघा, मधला कोंब सरळ वर आणि भोवती फांद्या कड्याने आहेत ना, की एका बाजूला पसरलेलं आहे. एका बाजूचं असेल तर ते कितीही स्वस्त असू दे, सोडा. बाल्कनीत पाचसात वर्षं छान राहतं, पुढे मात्र जमीन मागतं, आणि जमीन म्हणजे मोकळी, वायरीखाली नाही, भिंतीला चिकटून नाही, मूळ गावी हे साठ मीटरपर्यंत जातं. सोसायटीत नवीन लावायला काढलं तर माझं मत विचाराल तर नको. एक दोन आहेत ती असू द्यात, नव्या खड्ड्यात बकुळ, उंडी, करंज लावा, आपल्या पाखरांना त्याचा तरी उपयोग.

हिमाचल-उत्तराखंडच्या ट्रिपला आपली निम्मी ठाणे-नवी मुंबई जाते, तिथे हे घराणं खऱ्या गावात बघायला मिळतं. गाडी वर चढत जाते तशी झाडं बदलतात हे बघत राहा. खाली चीड, लांब सुया तीनतीनच्या जुडीत, खोडावर राळेसाठी छाट मारून टांगलेले कप. वर कैल, सुया पाचपाचच्या, मऊ, लोंबत्या. मग देवदार, आखूड ताठ सुया झुबक्यांनी, शंकू फांदीवर उभे. त्याहून वर फर आणि स्प्रूस, शंकू वर उभा असेल तर फर, खाली लोंबत असेल तर स्प्रूस. किन्नौरला गेलात तर चिलगोजा, त्याचं साल ठिगळाठिगळाने निघतं आणि खोड करडं-हिरवं चट्टेरी दिसतं. वाशी एपीएमसीत मसाला मार्केटला चिलगोजाचा भाव ऐकून आपण पुढे सरकतो, तो भावच त्याची अडचण आहे, शंकू उघडायच्या आधीच फांद्यांसकट तोडले जातात, बी जमिनीवर पडतच नाही, त्यामुळे खाली पोरं दिसत नाहीत, नुसती म्हातारी झाडं. घेणार असाल तर थोडा घ्या. आठवण म्हणून शंकू आणायचा तर खाली पडलेला, उघडलेला, वाळका एखादा, आणि अभयारण्यात असाल तर तोही नाही.

थुनेर, म्हणजे हिमालयातला यू, दिसला तर थांबा. काळपट हिरवी चपटी पानं, मादीला लाल वाटीत बसलेलं बी. कॅन्सरचं पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध याच्याच अमेरिकेतल्या भावाच्या, पॅसिफिक यूच्या, सालीतून निघालं. 1962 मध्ये साल गोळा झाली, आणि 1971 मध्ये त्या रेणूची रचना ज्या टीमने मांडली त्यात मनरो वॉल यांच्यासोबत मनसुख वाणी होते, आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. औषधाला 1992 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि इकडे हिमालयातला थुनेर त्याच्या मागणीत सापडला, पानं-साल ओरबाडून झाडं उभी वाळली. शेरा ईएन, आणि 1995 पासून सायटीसमध्ये. आता औषध बरंचसं लागवडीतल्या यूच्या पानांपासून आणि पेशी वाढवून करतात, म्हणजे मार्ग निघू शकतो. आयुर्वेदिक दुकानातलं तालीसपत्र हे खरं तर फरचं पान, पण त्या नावाखाली थुनेरही येतो, सुट्टं घेताना विचारा, नाहीतर चांगल्या कंपनीचं तयार चूर्ण घ्या.

उरणच्या न्हावा शेवा बंदरामुळे आपल्या भागात पाइनची पॅलेट्स आणि देवदारी खोकी भंगारवाल्याकडे ढिगाने मिळतात, त्यांचं फर्निचर करायची टूम आहे आणि ती मला आवडते, नवं लाकूड वाचतं. फक्त शिक्का बघा, एचटी असेल तर भट्टीत तापवलेलं, घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, घरात नको. शिक्काच नसेल तर कीड असू शकते, उन्हात काही दिवस तापवा आणि भोकं तपासा.

शेवटचं रिडेव्हलपमेंटचं, कारण ते सगळीकडेच चाललंय. खासगी कंपाउंडमधलं झाड असलं, परदेशी असलं, तरी महाराष्ट्रात 1975 च्या झाडांच्या कायद्याने महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. ठाणे असो की नवी मुंबई, अर्ज आला की पेपरात जाहिरात आणि झाडावर नोटीस लागायला हवी, आणि हरकत कुणीही घेऊ शकतं. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. म्हणून बिल्डरचा माणूस यायच्या आधीच कंपाउंडमधल्या प्रत्येक झाडाची यादी करा, जात, साडेचार फुटांवर खोडाचा घेर, फोटो, आणि जुन्या रहिवाशांना विचारून कधी लावलं ते साल. सायकसचं वय मात्र लोक नेहमी कमी धरतात, कमरेएवढा असेल तर तो सोसायटीतल्या बऱ्याच जणांहून मोठा निघेल, आणि तो मुळासकट दुसरीकडे हलवता येतो, पानं बांधून, पावसाळा सोडून, मुळांचा गड्डा न फोडता. सर्व्हेच्या कागदावर त्याला शोभेचं झुडूप लिहिलंय का तेवढं तपासा, तसं लिहिलं असेल तर अंतिम यादी लागायच्या आधी लेखी दुरुस्ती मागा.